पवित्र सप्ताहात मुलांचे रक्त घेऊ नये

शनिवार, १५ जून २०१९ रोजी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी ऐन सिंदियान गावच्या शाळा समितीने सात विरुद्ध एक मतांनी ठराव केला, की पहिलीत येणाऱ्या मुलांची रक्ततपासणी यापुढे ऑक्टोबरात न होता ईस्टरच्या आधीच्या पवित्र सप्ताहात होईल. विरोधातले एक मत माझे. वेळ मला नेमकी ठाऊक आहे, कारण समितीचे अध्यक्ष शुक्री नौफल यांच्या डोक्यावरच भिंतीवरचे घड्याळ होते आणि त्यांच्या तोंडाकडे पाहवत नव्हते.

हे मृत्युपत्र आज लिहिले जात आहे ते त्या ठरावामुळे. एरवी मी अजून दोन-चार वर्षे टाळले असते.

मी, डॉ. नुहाद जिर्जी शल्हूब, वय शहात्तर, अविवाहित, निवृत्त बालरोगतज्ज्ञ, राहणार ऐन सिंदियान, बेका खोरे, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, हात थरथरत नाही आणि स्मरणशक्ती गावाला सोयीची वाटेल त्याहून बरीच चांगली आहे. मला कुणी फितवलेले नाही. मला मूलबाळ नाही. आई, वडील, भाऊ कोणी उरले नाही. म्हणून माझे जे आहे ते कुणाला द्यायचे हे ठरवण्याचा हक्क कायद्याने माझा एकटीचा आहे. १९८९ साली तळघरात बसून तोफांच्या आवाजात घाईघाईने लिहिलेले मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात मी माझी मांजर नर्स वदादला दिली होती. मांजर गेली, वदाद आहे.

कलम १. माझे दफन आईवडिलांच्या शेजारी व्हावे. चर्चमध्ये भाषण होऊ नये. शुक्रीला खांदा द्यायचा असेल तर द्यावा. खांदा चांगला आहे, भाषण वाईट असते. दफनानंतरच्या जेवणात मसूर आणि बुरगुलचा दलिया शिजवावा, वर ऑलिव्ह तेलात परतलेला कांदा. मांस नको. रडणाऱ्यांनाही धमन्या असतात.

कलम २. दिवाणखान्यातला माझा भाऊ नसरी याचा फोटो शाळेच्या विज्ञानाच्या वर्गात लावावा. फोटोत तो सोळा वर्षांचा आहे आणि त्याने दोन्ही हात पाठीमागे लपवलेले आहेत. हातांच्या सांध्यांवर पिवळट गाठी होत्या, कोपरांवर होत्या, टाचेमागच्या शिरेवर होत्या. आई म्हणायची, "द्राक्षांच्या टोपल्या उचलून घट्टे पडलेत, दुसरं काय!" फोटो काढल्यावर पाच आठवड्यांनी, १९६१च्या सप्टेंबरात, मावशीच्या लग्नात दबके हा हात धरून ओळीने करायचा नाच करताना तो ओळीतून बाजूला झाला, भिंतीला टेकून बसला आणि गेला. गाव म्हणाले, दृष्ट लागली. माझे आईवडील सख्खे चुलत भाऊबहीण होते. दोघांनीही आपल्या रक्तातला तोच एक दोष, कोलेस्टेरॉल साठत जाण्याचा, त्याला दिला होता आणि मला दोघांनीही दिला नाही. यात माझे काही कर्तृत्व नाही. फुकट मिळालेल्या या आयुष्याबद्दल मी देवाची आभारी आहे, आणि नसरीची माफी मागण्यासारखे काही नसताना अट्ठावन्न वर्षे मागत आले आहे.

फोटोखाली नाव लिहावे. हात का लपवले आहेत हे शिक्षिकेने दरवर्षी मुलांना सांगावे.

कलम ३. पितळी सूक्ष्मदर्शक झाहलेच्या कॉन्व्हेंटला परत करावा. तो सिस्टर बेनेदिक्त यांचा. नसरी गेल्यावर मी महिनाभर वर्गात तोंड उघडले नाही. बाकीच्या सिस्टर मला प्रार्थना करायला सांगत. या बाईंनी मला प्रयोगशाळेत नेले आणि म्हणाल्या, "नुहाद, तू देवावर चिडली आहेस ना? चीड. देवाला त्याची सवय आहे. पण चिडताना हात रिकामे ठेवू नकोस." आणि माझ्यापुढे मेंढीचे हृदय ठेवले. ते मी चिरले. वैद्यकीय महाविद्यालयात जायचे म्हटल्यावर वडील म्हणाले, "पोरगी डॉक्टर झाली तर तिच्याशी लग्न कोण करणार?" सिस्टर घरी आल्या, कॉफी प्यायल्या आणि म्हणाल्या, "कोणीच नाही केलं तर तुमचा हुंड्याचा खर्च वाचला." वडिलांचे अंदाज कधी चुकत नसत, लग्न कोणीच केले नाही. मला वाईट वाटल्याचे आठवत नाही.

कलम ४. तांब्याचा मोठा हंडा चुलत बहीण ओदेत हिला. बत्तीस वर्षे ती त्याच्यावर डोळा ठेवून आहे. आमच्याकडे उन्हाळाभर मेंढ्याला हाताने घास भरवून चरबीचा करतात, हिवाळ्यापूर्वी कापतात आणि मांस त्याच्याच चरबीत शिजवून बरण्यांत भरतात. त्या अवर्म्यासाठी हा हंडा. नसरीनंतर आईने तो चुलीवर ठेवला नाही. ओदेतने त्यात फुलझाडे लावावीत. ती लावणार नाही, हे मला माहीत आहे. निदान नातवंडांना चमचाभरच वाढ गं.

कलम ५. नर्स वदाद बर्बारी हिला माझी मोटार, आईची सोन्याची साखळी आणि वरच्या मजल्यावरची पूर्वेकडची खोली हयातभर. घर पुढे कुणाकडेही गेले तरी ही खोली तिची. एकतीस वर्षे ती माझ्याबरोबर होती. रडणाऱ्या मुलाच्या दंडाची शीर तिला मुलाच्या आईआधी सापडायची. मी आयांवर ओरडायचे आणि ती मागाहून दारापर्यंत जाऊन सांगायची, "मनावर घेऊ नका हो, हकीमा तोंडाने तिखट आहे, औषध गोड देते." औषधही कडूच असायचे, पण त्या बाया परत यायच्या त्या वदादमुळे, हे मी तिला कधी बोलून दाखवले नाही. आता लिहून देते.

कलम ६. बँकेतल्या ठेवीतून ज्या मुलांच्या घरी गोळ्या परवडत नाहीत त्यांच्या गोळ्या घ्याव्यात. याची व्यवस्था डॉ. रूला खैरल्लाह पाहील. ठेव संपेपर्यंत द्यावे, संपल्यावर गावाने लाज वाटून द्यावे.

कलम ७. शाळेच्या स्वयंपाकघरातली माझ्या मालकीची दोन्ही मोठी पातेली उम्म तनूस हिला. तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहावे लागेल.

१९७९ साली मी शाळेत न्याहारी सुरू केली. युद्ध चालू होते. मी हृदयरोग टाळायला निघाले होते आणि मुले मात्र उपाशी येत होती. पहिल्या दिवशी मी चरबीवर व्याख्यान दिले. उम्म तनूस, म्हणजे तनूसची आई, तेव्हा मागच्या बाकावर त्याला मांडीवर घेऊन बसली होती. ती उठून म्हणाली, "हकीमा, पोटात काही असेल तर पोरं ऐकतील. आधी वाढा, मग बोला." मी म्हटले, "मग तू शिजव." ती म्हणाली, "शिजवते की. तुमच्यासारखं नुसतं बोलत नाही." तेव्हापासून चाळीस वर्षे ती शिजवते आहे. मसूर, बुरगुल, झातरचा मसाला लावलेली भाकरी, काकडी, मूठभर अक्रोड. बाळसेदार म्हणजे निरोगी असे मानणाऱ्या आयांना तिने जे शिकवले ते माझ्या तक्त्यांनी शिकवले नाही. एकीने तक्रार केली, "माझ्या पोराचे गाल गेले." उम्म तनूस म्हणाली, "गाल गेले, पोरगा राहिला. अदलाबदल करू का?"

या बाईचे माझ्यावर जे ऋण आहे ते पातेल्यांनी फिटणारे नाही. ते काय आहे ते पुढच्या कलमात आहे. ते गेल्या आठवड्यापर्यंत मी तिच्याखेरीज कुणाला सांगितलेले नव्हते.

कलम ८. १९८३ साली मी गावातल्या मुलांची रक्ततपासणी सुरू केली. लहान वयातच कोलेस्टेरॉल मोजावे, वाढलेले दिसले तर आहार आणि पुढे गोळ्या द्याव्यात, आणि एका मुलामागून त्याच्या भावंडांपर्यंत, आईबापापर्यंत पोचावे, असा साधा विचार होता. दिवस निवडला पवित्र सप्ताहातला सोमवार. कारण मला फार हुशारीचे वाटले: ईस्टरआधीचा लेंटचा उपवास चालू असतो, सकाळची न्याहारी कुणी करत नाही, तपासणीला उपाशी या असे घरोघर जाऊन सांगावे लागत नाही. मी वदादला म्हणाले होते, "पोरं तशीही उपाशी असतात की!"

तेव्हा तनूस आठ वर्षांचा. त्याचा आकडा धोक्याच्या उंबरठ्याच्या किंचित आत आला. मी वहीत लिहिले, 'ठीक'.

१९९९च्या सप्टेंबरात द्राक्षांच्या तोडणीत तनूस कोसळला. चोवीस वर्षांचा. बैरूतला नेले, छाती उघडली, वाचला. त्या रात्री मी तपासणीची वही काढली नाही. सकाळी उजेडात काढली, कारण मला माझेच अक्षर नीट वाचायचे होते. तारीख पाहिली आणि कळले. ते मूल सहा आठवडे मांस, दूध, चीज, अंडी न खाता माझ्यापुढे आले होते. गावभरची मुले तशीच आली होती, सोळा वर्षे. फार वाढलेला आकडा उपवासातही लपत नाही. उंबरठ्यावरचा लपतो. जगात कुठेही बसलेल्या मूर्ख डॉक्टरच्या हातून ही चूक झाली नसती. त्यासाठी उपवास पाळणाऱ्या गावातलीच हुशार डॉक्टर लागते.

मी बैरूतला गेले. रुग्णालयाच्या व्हरांड्यात उम्म तनूस बसली होती. मी उभ्यानेच सांगितले, "चूक माझी आहे. तो लहान होता तेव्हाच मला दिसायला हवं होतं. मी चुकीच्या आठवड्यात रक्त घेतलं."

तिने बाकावरची पिशवी सरकवून जागा केली. मग म्हणाली, "सकाळपासून काही खाल्लंस?"

"नाही."

"मग बस. उभ्याने रडू नये, चक्कर येते." पिशवीतून तिने भाकरी काढली, अर्धी माझ्या हातात दिली. म्हणाली, "धाकटीचं रक्त कधी घेतेस?"

"तू म्हणशील तेव्हा."

"आणि बाकीच्यांच्या पोरांचं?"

ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी मी त्या सोळा वर्षांतली गावात असलेली सगळी मुले पुन्हा तपासली. आणखी अकरा सापडली. त्यांच्या घरी मी सांगितले, "नवीन यंत्र आलंय, म्हणून परत बोलावलं." नवीन यंत्र आलेले नव्हते. उम्म तनूसला ते माहीत होते. तिने वीस वर्षांत एका माणसाला सांगितले नाही, मला एकदाही टोमणा मारला नाही, आणि ही बाई टोमण्यांवर जगते. मी एकदा तिला म्हणाले, "बोल ना एकदा काय बोलायचंय ते." ती म्हणाली, "तू पोरं तपासायची थांबली असतीस तर बोलले असते."

तेव्हापासून तपासणी ऑक्टोबरात होते, घरचे रोजचे जेवण चालू असताना. का, ते मी कुणालाही सांगितले नाही.

आता १५ जूनचे. शुक्रीने ठराव मांडला तेव्हा मी विचारले, "ऑक्टोबरात काय वाईट आहे?"

तो म्हणाला, "हकीमा, ऑक्टोबरात इथं असतं कोण? आपण आणि द्राक्षांवरच्या माशा. ईस्टरला ब्राझीलहून, कॅनडाहून सगळी मंडळी येतात. देणगीदारांना मुलं बघायची असतात, फोटो काढायचे असतात. आरोग्य दिवस करू, मांडव घालू, बँड आणू."

"रक्त काढायला बँड?"

"आणि खरं सांगू का, सोयीचंही आहे." तो हसला. "पोरं तशीही उपाशी असतात की!"

माझेच वाक्य. शब्दाला शब्द.

त्या क्षणी मी कारण सांगायला हवे होते. मी त्याला गाढव म्हणाले. तो म्हणाला, "तुम्ही आम्हाला आईसारख्या आहात, बोला." मी म्हणाले, "आईसारखी असते तर एव्हाना कानाखाली वाजवली असती." लोक हसले, मत झाले, सात विरुद्ध एक. उम्म तनूस चहा घेऊन आली होती. ती दारातून माझ्याकडे पाहत होती आणि मी खाली मान घातली होती.

म्हणून नोंद अशी: त्या दिवशीचा अन्याय समितीने अज्ञानाने केला. अज्ञान माझ्यामुळे होते. मी वीस वर्षे माझे नाव जपले, आणि त्या नावाची किंमत उद्या कुठल्या तरी मुलाने मोजावी हे मला मान्य नाही. तनूस जाब्बूर याची आणि त्या अकरा जणांची मी येथे लेखी क्षमा मागते. यंत्र जुनेच होते.

कलम ९. शुक्री नौफल याला माझ्या वडिलांचा शिसवी सोंगट्यांचा पट. तीस वर्षे तो माझ्याकडून हरतो आहे, आता घरी बसून सराव करावा. हेही लिहून ठेवते, की १९८७च्या हिवाळ्यात रस्ता बंद असताना पोलिओची लस बर्फाच्या डब्यात घालून हाच शुक्री बर्फातून अकरा किलोमीटर चालत आला होता. डबा खाली ठेवून पहिले काय बोलला, तर "हकीमा, वितळली नाही बघा." त्यासाठी मी त्याला पुष्कळ गाढवपणा माफ केला आहे. एवढा एक करता येत नाही.

कलम १०. घराण्यांच्या नऊ वह्या डॉ. रूला खैरल्लाह हिला, फक्त तिला. कुणाच्या घरात कोण किती वयात गेले आणि कुणाच्या रक्तात काय आहे, हे त्यांत आहे. ज्या मातांनी मुलींची लग्ने मोडतील या भीतीतही मला खरे सांगितले, त्यांच्या विश्वासावर त्या लिहिल्या आहेत. समितीने त्या मागू नयेत, फादरनी मागू नयेत, ओदेतने तर नाहीच. रूला स्वतः त्या ऑक्टोबरात सापडलेल्या अकरांपैकी एक. हे तिच्या परवानगीने लिहिते. तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि तिने माझ्या हाताला चावा घेतला होता. आज ती मुलांची डॉक्टर आहे, गोळी रोज घेते, डोंगर चढते, आणि माझ्या औषधांच्या चिठ्ठ्यांतल्या चुका काढते. माझ्या सगळ्या नोकरीत मला याहून मोठे बक्षीस मिळाले नाही. तिने मला गेल्या आठवड्यात विचारले, "हकीमा, हे सगळं लिहिलंत तर लोक काय म्हणतील?" मी म्हटले, "म्हणतील, म्हातारी चुकली होती." ती म्हणाली, "बरोबरच म्हणतील." चांगली शिकली आहे.

कलम ११. दगडी घर, खालचा दवाखाना, फ्रीज, वजनकाटे आणि मागची बाग ऐन सिंदियान शाळा समितीला, पुढील अटीवर: पहिलीत येणाऱ्या प्रत्येक मुलाची रक्ततपासणी दरवर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी, याच दवाखान्यात, मांडव आणि फोटोंशिवाय होईल, लेंटमध्ये ती कधीही होणार नाही, आणि निकाल बंद पाकिटात आईबापाच्याच हाती जाईल.

अट मान्य नसेल तर हे सर्व शेजारच्या तल्ल हनून गावच्या दवाखान्याला. होय, तल्ल हनूनलाच, ज्यांनी चर्चला आपल्यापेक्षा मोठी घंटा आणली म्हणून आपण दोनदा घंटा बदलली. त्यांच्याशी माझे बोलणे झाले आहे. त्यांना ऑक्टोबर चालतो, आणि आपल्या गावच्या मुलांना ते विनातक्रार तपासतील. ऐन सिंदियानच्या आयांनी मग मुलांना घेऊन त्यांच्या घंटेखाली रांगेत उभे राहावे. मुले वाचतील, अब्रूचे समितीने पाहावे.

कलम १२. या गावाने मला आपली मुले दिली, तपासायला, टोचायला, ओरडायला. पहाटे दारात अंड्यांची टोपली ठेवून नाव न सांगता गेलेल्या बायांची मी ऋणी आहे. अंडी मी वाटून टाकत असे, हे त्यांना आता कळले तरी हरकत नाही.

वरील सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले, वाचून पाहिले आणि खाली सही केली.

साक्षीदार: वदाद सलीम बर्बारी, परिचारिका (निवृत्त). तनूस इल्यास जाब्बूर, शाळेच्या बसचा चालक, त्याने कलम ८ दोनदा वाचले, मग सही केली, आणि पेन परत देताना म्हणाला, "हकीमा, मला हे आईने केव्हाच सांगितलं होतं. तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होतो."

सही: नुहाद जिर्जी शल्हूब
स्थळ: ऐन सिंदियान. सोमवार, २२ जुलै २०१९.

प्रत: अध्यक्ष, शाळा समिती.

शुक्री, मी मरेपर्यंत थांबण्याची गरज नाही म्हणून ही प्रत आजच पाठवते. कलम ८ समितीपुढे मोठ्याने वाच. माझे नाव गाळू नकोस. या ऑक्टोबरात पहिलीत सव्वीस मुले येत आहेत, त्यांत तुझी नात मिराय आहे. १५ जूनचा ठराव रद्द झाल्याचे लेखी उत्तर, सातही जणांच्या सह्यांसह, शुक्रवार, ३० ऑगस्ट २०१९ रोजी दुपारी बारा वाजण्याच्या आत माझ्या हातात पडले पाहिजे. फोन करू नकोस, कॉफीला येऊ नकोस, आभाराचा ठराव पाठवू नकोस. कागदावर फक्त तारीख हवी: सोमवार, ७ ऑक्टोबर.